वेळेचा रकाना

“पेन्सिलीनं लिहिलेलं तपासत नाहीत हं, काका,” पर्यवेक्षक बाई त्यांच्या बाकाशी थांबून म्हणाल्या. “पेन आहे ना?”

“आहे.”

खिशाला एक सोडून तीन पेनं होती. मिनिटकाकांनी पेन्सिल खाली ठेवली, एक पेन काढलं आणि पुन्हा प्रश्नपत्रिकेकडे बघत बसले. वीस मिनिटं झाली होती आणि उत्तरपत्रिकेवर फक्त बैठक क्रमांक होता.

हॉलमध्ये अठरा-एकोणीस परीक्षार्थी होते, बहुतेक सगळे त्यांच्या मुलीच्या वयाचे. चौपन्न वर्षांचे हे एकटेच. सकाळी ते दारातून आत आले तेव्हा हेच पर्यवेक्षक असं समजून दोघं जण चक्क उठून उभे राहिले होते. एरवी त्यांनी हा किस्सा घरी मीठमसाला लावून सांगितला असता.

नौवहन व्यवस्थापनाच्या या व्यावसायिक परीक्षेचे पेपर सात. सहा सुटले होते. सातवा, जहाज भाड्यानं घेण्या-देण्याच्या करारांचा, दोनदा बोकांडी बसला होता. सगळे पेपर सात वर्षांत सोडवायचे असा संस्थेचा नियम, आणि सातवं वर्ष संपत आलेलं. आज घोडं अडलं की आधीचे सहाही पेपर पाण्यात. ऑफिसात मोठे साहेब वर्षाअखेर निवृत्त होणार होते. “तेवढा कागद आणा, खुर्ची तुमचीच,” असं ते दर सोमवारी न चुकता सांगत. कागद नसेल तर खुर्चीवर बाहेरचा कुणी येऊन बसणार होता, आणि त्याला काम शिकवायला पुन्हा मिनिटकाकाच लागणार होते.

काम त्यांना तोंडपाठ होतं, यात बंदरात कुणाचं दुमत नव्हतं. सव्वीस वर्षं ते जहाज एजन्सीत होते. जहाज आलं की शिडी चढायची आणि काय केव्हा घडलं ते लिहीत जायचं: नांगर कधी पडला, बंदराचा पायलट कधी चढला, हॅच म्हणजे मालाच्या कोठाराची झाकणं कधी उघडली, माल उतरवणं कशामुळे थांबलं आणि पुन्हा कधी सुरू झालं. या कागदाला स्टेटमेंट म्हणतात. माल उतरवायला किती वेळ लागला आणि उशीर कुणाच्या माथी, हे त्यावरून ठरतं. शेवटी कॅप्टन सही करतो आणि एजंटही. काकांनी लिहिलेल्या वेळेवर कॅप्टन डोळे झाकून सही करत. ‘सुमारे’ हा शब्द त्यांच्या स्टेटमेंटमध्ये कधी कुणी वाचला नव्हता. मिनिटकाका हे नाव त्यातूनच पडलेलं.

असा माणूस याच पेपरात दोनदा आपटला, तो पावसामुळे. पाऊस आला की हॅच बंद होते आणि तेवढा वेळ हिशेबातून वगळतात. पण जेवढा पाऊस तेवढाच वेळ वगळायचा, हे पुस्तकात. बंदरात पाऊस अर्ध्या तासाच्या पटीतच पडतो. झाकणं लावायची, काढायची, माणसं पांगलेली गोळा करायची, म्हणून बारा मिनिटांच्या सरीला अर्धा तास धरायचा, असं सगळ्यांनी आपसात ठरवलेलं. मिनिटाला जपणाऱ्या या माणसानं एवढी एकच सवलत पावसाला दिली होती, आणि परीक्षेतही ती उदार मनानं देऊन टाकली होती.

ही चूक सापडली ती बायकोला. शाळा नववीत सुटलेली, दिवसभर शिवणाच्या मशीनवर वाकलेली बाई. सात वर्षं रोज संध्याकाळी पुस्तक हातात धरून तिनं त्यांची उजळणी घेतली आणि घेता घेता स्वतःच अर्धी परीक्षा पाठ करून बसली. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर तिनं त्यांना ते गणित पुन्हा सोडवायला लावलं आणि चष्मा नाकावर ओढून त्यावरून बोट फिरवलं.

“अहो, इथं वीस मिनिटं पाऊस लिहिलाय. तुम्ही अर्धा तास का धरलात?”

“असंच धरतात.”

“कोण धरतं?”

“सगळेच.”

“मग त्या सगळ्यांना बसवा परीक्षेला. तुम्ही कागदावर आहे तेवढाच पाऊस पाडा.”

तिला जाऊन आज एकोणीस दिवस झाले होते. चौथ्या दिवशी काका कामावर हजर झाले तेव्हा ऑफिसात सगळे हळू आवाजात म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं. जेवण पोटात जात होतं, झोपही लागत होती. तिच्या मशीनवर आच्छादन घालताना त्यांना फक्त एवढंच वाटलं, की आच्छादन तोकडं पडतंय.

चौथा प्रश्न हिशेबाचा होता. कुठल्याशा काल्पनिक जहाजाचं स्टेटमेंट दिलेलं. पहिल्या दिवशी १०:२० ते १०:४० पाऊस, दुसऱ्या दिवशी १४:०५ ते १५:५०. काकांनी पेन टेकवलं. वीस मिनिटं. एक तास पंचेचाळीस मिनिटं. हात अर्ध्या तासाकडे वळला नाही. शेवटची बेरीज आली: तीन दिवस, चार तास, पस्तीस मिनिटं. त्यांनी उलट बाजूनं ताळा केला. जुळला.

हे बरोबर आहे, आपण पास होतोय, हे त्यांना पक्कं कळलं. आनंद व्हायला हवा होता. ते जरा वेळ थांबले, आलाच तर यावा म्हणून. मग पाचवा प्रश्न लिहायला घेतला.

बाहेर जिन्यात मागच्या बाकावरच्या मुलीनं त्यांना गाठलं. “काका, चौथ्याचं काय आलं?”

“तीन दिवस, चार तास, पस्तीस मिनिटं.”

“माझंही तेच!” ती तिथंच पायरीवर उडी मारून म्हणाली. “सुटलो आपण!”

“छान,” काका म्हणाले.

फाटकापाशी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती.

“बाबा, कसा गेला?”

“बरा गेला. सुटेल.”

“बाबा…” पलीकडे ती रडायला लागली. “आईला किती…”

“हो,” ते म्हणाले. “मी आता हॉस्पिटलात जातोय. कसलासा फॉर्म अर्धवट राहिलाय म्हणे, सिस्टरचा फोन होता सकाळी. तू जेवून घे.”

वॉर्डच्या दाराशी छोटं टेबल होतं. तिथल्या सिस्टर त्यांना बघून उठल्या. “या, काका. पेपर होता ना आज? काकूंनी वॉर्डभर तारीख सांगून ठेवली होती. मला तर म्हणाल्या, सिस्टर, त्या दिवशी यांना कामाला लावू नका. आणि मीच बोलावलं बघा.”

“झाला पेपर. कुठाय फॉर्म?”

सिस्टरनी फॉर्म पुढे ठेवला. मृत्यूच्या नोंदीचा, नातेवाइकानं भरायचा. अक्षर काकांचंच. नाव, वय, पत्ता, आजार, सगळं सुवाच्य. वेळेचा रकाना तेवढा रिकामा.

“एवढंच राहिलंय, त्यामुळं दाखला अडलाय,” सिस्टर म्हणाल्या. “साडेचार टाका आणि पुन्हा एक सही करा खाली.”

“तुम्ही होतात तिथं? साडेचारला?”

“राउंडला आले ना मी. तेव्हा… गेलेल्या होत्या.”

“म्हणजे त्याआधी कधीतरी.”

“आम्ही राउंडची वेळच लिहितो, काका. पावणेचारला त्यांना पाणी पाजलं तेव्हा तुम्हीच होतात की शेजारी.”

होते. चार वाजून पाच मिनिटांपर्यंत होते. मग फोन आला होता आणि वॉर्डात आवाज नीट येत नाही म्हणून ते खाली अंगणात गेले होते. बंदरावर सर येऊन गेली होती. माल घेणाऱ्यांचा फोरमन म्हणत होता अर्धा तास धरा, जहाजावरचा अधिकारी म्हणत होता पाऊस दहाच मिनिटं. दोघांनाही काकांचाच शब्द हवा होता. काकांनी पंधरा मिनिटं घसा फोडून त्यांची समजूत घातली होती. मग थकून बाकावर टेकले होते, जरा वाऱ्याला. वर आले तेव्हा सिस्टर पडदा ओढत होत्या.

त्या पंचवीस मिनिटांत कधीतरी ती गेली होती. वेळ कुणीच बघितली नव्हती.

“काय फरक पडतो, काका,” सिस्टर मऊ आवाजात म्हणाल्या. “शांत गेल्या त्या.”

“तेही तुम्हाला माहीत नाही,” काका म्हणाले. त्यात राग नव्हता.

काकांनी पेन काढलं. रकान्यात एकच वेळ मावत होती. त्यांनी १६:३० लिहिलं, रोजच्यासारखं ठळक आणि सरळ. सहीपाशी मात्र हात थांबला. सही म्हणजे मी तिथं होतो, मी बघितलं, असं असतं. सव्वीस वर्षांत न बघितलेल्या वेळेखाली त्यांनी सही केली नव्हती. जहाजावर एखाद्या कॅप्टनला अशी अडचण आली तर तो सहीच्या वर आपला शेरा लिहितो आणि मग सही करतो.

रेघेच्या वर बोटभर जागा होती. काकांनी बारीक अक्षरात लिहिलं: ‘वेळ सिस्टरांच्या सांगण्यावरून. मी हजर नव्हतो.’ आणि त्याखाली सही केली.

सिस्टरनी फॉर्म फिरवून वाचला. “याची काही गरज नव्हती हो, काका.”

“होती,” ते म्हणाले.

सिस्टरनी शिक्का उचलला, शेऱ्याला धक्का लागणार नाही असा बाजूला बेतून मारला आणि फॉर्म ट्रेमध्ये ठेवला. काका पेनाला टोपण लावायला गेले, पण ते बसेना. टोपण निसटून टेबलाखाली गेलं. सिस्टरनी वाकून ते काढलं, त्यांच्या हातातलं पेन हळूच सोडवून घेतलं, टोपण लावलं आणि त्यांच्या खिशाला अडकवलं.