पुतळीच्या गालावरचा वांग

वच्छलाच्या डाव्या गालावर वांग उमटला तो पळसाच्या पानाएवढा. बरं, पानाएवढा नसेल, जरा कमी असेल. पण ती अंगण सारवून वळली आणि सासू सुलोचनाबाईच्या हातातलं सूप धाडकन पडलं, हे तर सगळ्या आळीनं ऐकलं.

"रुख्मा!" सासू म्हणाली.

रुख्मा म्हणजे सुलोचनाबाईच्या मुलाची, खुशालची पहिली बायको. तापानं गेली. तिच्याही डाव्या गालावर वांग होता, तिथंच, तसाच तपकिरी. वच्छला ही त्याची दुसरी. देश मोकळा झाला, अर्जुनी मोरगावला नवे साहेब आले, पण दुसरेपणावर आलेल्या बाईनं गळ्यात मेलेल्या सवतीच्या रूपाची चांदीची पुतळी घालायची, हे काही बदललं नव्हतं. नवं लुगडं आधी पुतळीला टेकवायचं. पहिला घास पुतळीला दाखवायचा. वच्छला हे सगळं बिनचूक करायची. एवढं चोख वागूनही मेलेली बाई आपल्या गालावर येऊन बसावी, याचा तिला आधी राग आला.

भीती नंतर आली. खुशाल धानाच्या बांधीतून आला, तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "रुख्मे, पाणी दे." आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

त्या दिवसापासून वच्छलाला एकच घोर लागला. हा वांग असाच पसरत गेला, तर या घरात वच्छला नावाचं कोणी उरायचं नाही.

अर्जुनीकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी देवकाबाई राहायची, झाडपाल्याची वैदीण. तिनं म्हणे एकदा एका रेड्याला लेप लावला, तर त्याचा मालकच त्याला पांढरा बैल समजून हा कोणाचा म्हणून गावभर विचारत फिरला. देवकाबाईनं वच्छलाची हनुवटी धरून गाल उजेडाकडं वळवला. मग रक्तचंदनाचं खोड दिलं, मसूर आणि वडाचे कोवळे कोंब दिले.

"चंदन दुधात उगाळजो. कोंब न् मसूर वाटून त्यात घालजो. सुकला का धुवून टाकजो. न् उन्हात नोको हिंडू."

वच्छलानं सहाण काढली, मन लावून लेप केला आणि आरसा आणायला आत गेली. परत येते तो लेपातून कोणी बोट फिरवलेलं. मधोमध एक चर, आणि चरातून सहाणेचा दगड दिसतोय.

"मांजर आली असन," सासू म्हणाली.

"मांजरीले बोट असते काय, आत्याबाई?"

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. आणि गालावरचा वांग उतरायचं सोडून डोळ्याकडं सरकायला लागला. मग एका सकाळी घरचे निंदणाला गेले, तशी वच्छला लेप करून सहाणेसमोरच बसली. म्हटलं, बघू कोण येतं.

कोणी आलं नाही. दाराला कडी होती. गोठ्यातल्या गाईनं रवंथ थांबवला. आणि वच्छलाच्या डोळ्यांदेखत लेपात एक खळी पडली, बोटाच्या टोकाएवढी. खळी हळूहळू पुढं सरकली. ओलं बोट दगडावरून ओढल्यावर येतो तसा आवाज आला. पाठोपाठ तिच्या छातीवर काही गार लागलं. तिनं पुतळी उचलून पाहिली. चांदी काळवंडली होती ती फक्त डाव्या गालावर, आणि त्या काळ्या डागावर ताजा, लाल लेप होता.

वच्छला पळत सुटली ती देवकाबाईच्या ओसरीवरच थांबली.

"ते रुख्मा माह्याकडं आली होती, पोरी," देवकाबाई म्हणाली. "हेच चंदन नेलं होतं. तुह्या सासूनं चुलीत घातलं. म्हणे, कोणाले तोंड दाखवाले जातेस?"

"पण आता तर मेली ना ते!"

"मेली म्हणून काय वांग गेला तिचा? लुगड्याचा पहिला मान तिले देतेस, घासाचा देतेस. लेपाचा काऊन नाही दिला?"

"औषधाचा कोणी देते काय वो, माय? न् तेच उजळली तर माह्याकडं कोण पाहीन?"

"उजळू दे. तिले तिचं तोंड भेटलं का ते तुहं सोडते. पण चंदन ज्यानं जाळलं त्यानंच उगाळलं पायजे."

आता सुलोचनाबाई कसली ऐकते! "मेलेल्या बाईचे कायले लाड?" म्हणून तिनं पाठ फिरवली. तेवढ्यात मागं सहाणेवर आवाज झाला. खर्र... खर्र... चंदनाचं खोड एकटंच गोल फिरत होतं. सासू मुकाट्यानं वळली, बसली आणि खोड हातात घेतलं. दुसऱ्या बाजूनं कोणी तरी सोडल्यासारखं ते तिच्या मुठीत जड झालं. ती उगाळत राहिली, हात भरून येईपर्यंत.

पहिलं बोट वच्छलानं पुतळीला लावलं, दुसरं स्वतःला. रोज. पुतळीचा काळा गाल चकाकायला लागला, तसा वच्छलाचा वांग कडांकडून विरत गेला. एका दुपारी खुशाल ओसरीवर टेकला.

"वच्छले, पाणी दे."

"काय म्हटलं जी?" तिनं मुद्दाम विचारलं.

"बहिरी झाली काय वो? वच्छले, पाणी दे म्हटलं!"

तिनं भरला तांब्या दिला आणि वर गूळही दिला.

पण एवढा मोठा वांग, त्याला कुठं तरी जागा हवीच. तो सुलोचनाबाईच्या डाव्या गालावर निघाला. वच्छलानं मन मोठं केलं, स्वतः चंदन उगाळलं, पहिलं बोट पुतळीला लावलं आणि उरलेला लेप सासूपुढं ठेवला. सासूनं बोट पुढं केलं, तर सहाण कोरडी! चाटून पुसून घेतल्यासारखी.

"अवो, तिले सांग ना काही!" सासू रडकुंडीला आली.

वच्छलानं पुतळी तळहातावर घेतली. सोनारानं तिला तोंड म्हणून एक आडवी रेघ तेवढी मारली होती. आज त्या रेघेची दोन्ही टोकं वर वळली होती. वच्छलानं पुन्हा पाहिलं. वळलीच होती.

तिनं पुतळी पदराआड सरकवली.

"तिचं अजून झालं नाही म्हणते, आत्याबाई," ती म्हणाली, आणि चंदनाचं खोड सासूच्या हातात दिलं.