अकरा जणी मावतील अशी लेन्स

धुळ्यात शहजादीला फोटोवाली म्हणून ओळखणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. काही घरांतल्या बायका स्टुडिओत जात नसत आणि पुरुष फोटोवाल्याला आत घेतलं जात नसे. अशा घरांतून हळदीला, मेंदीला, छठीला तिला बोलावणं यायचं. स्टँड एका खांद्याला, कॅमेरा दुसऱ्याला, अशी ती गल्लीतून निघाली की पोरीबाळी तिच्यामागे दारापर्यंत यायच्या.

कॅमेरा तिच्या वडिलांचा, नूर महंमद यांचा. जर्मन, जुना, हातात घेतला की वजन कळेल असा. त्याला डोळा लावला की नुसती चौकट दिसे. फोटो स्पष्ट येणार की धूसर, हे काही दिसत नसे. समोरचं माणूस किती फुटांवर आहे ते आपणच नजरेनं ओळखायचं आणि लेन्सभोवतीची कडी त्या आकड्यावर आणायची. वडिलांची नजर अधू झाली तेव्हा कॅमेरा तिच्याकडे आला. त्याआधी त्यांनी दोन वर्षं तिला रस्त्यातून चालताना सारखं विचारलं होतं, "तो खांब किती फूट? ती बकरी किती फूट?"

अठ्ठ्याऐंशी साली जानेवारीत रहिमाबीनं तिला बोलावून घेतलं. रहिमाबीच्या धाकट्या मुलीचं लग्न सुरतला ठरलं होतं. घरात सासू, सुना, लेकी, नाती धरून अकरा जणी. सासूला अर्धांगवायू झालेला, खाटेवरून हलवायची सोय नव्हती. त्यामुळे फोटो काढायचा तो त्याच खोलीत, आणि खोली जेमतेम अकरा फुटांची.

रहिमाबीनं आदल्या ईदचे दोन फोटो पुढे ठेवले. तेही शहजादीनंच काढलेले. सगळ्या एकात मावेनात म्हणून तिनं सहा जणी एकात आणि पाच दुसऱ्यात घेतल्या होत्या.

"हे बघ," रहिमाबी म्हणाली. "घराची वाटणी झाल्यासारखं दिसतं. मला एकच फोटो पाहिजे. पोरगी तो घेऊन सासरी जाणार आहे."

"खाला, मी भिंतीला पाठ लावून उभी होते. आणखी मागं कुठं सरकू?"

"ते मला नको विचारूस. फोटोवाली तू आहेस."

लग्नाला पाच आठवडे होते.

आग्रा रोडवरच्या दुकानात शहजादीनं विचारलं. दुकानदारानं कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला. लेन्स आट्यांवर फिरवून निघते हे त्यालाही दिसलं. म्हणजे तेवढ्याच अंतरावरून जास्त रुंद दाखवणारी लेन्स बसू शकते, पण या कॅमेऱ्याची कंपनीच आता राहिली नाही, असं तो म्हणाला. "नवा कॅमेरा घ्या, रुंद लेन्ससकट मुंबईहून मागवून देतो." त्यानं आकडा सांगितला. शहजादी दोन वर्षं रोज फोटो काढत राहिली असती तरी तेवढे पैसे जमले नसते. तिनं कॅमेरा पिशवीत घातला आणि मंगळवारी सकाळची जळगावची एसटी धरली.

जळगावात तीन दुकानांत नकार मिळाला. चौथ्या दुकानातला म्हातारा कारकून म्हणाला, मेहरूणला गिरधरनाना राहतात, पूर्वी कॅमेरे दुरुस्त करायचे, त्यांच्याकडे डबे भरून सामान असेल.

दार नानांच्या बायकोनं, सुंदरबाईनं उघडलं. शहजादीनं आपलं गाव सांगितलं. "धुळ्याहून उनी का तू? आधी पानी पी," ती म्हणाली, आणि कशासाठी आली ते ऐकून घेतल्यावर आत ओरडली, "अहो, त्या डबामा बठ्ठी अडगळ शे ना, ती दखाडा हिले!"

गिरधरनाना सत्तरीचे, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी डबा काढला, आणि त्यातून कापडात गुंडाळलेली एक आखूड लेन्स. लेन्सचा मूळ कॅमेरा पाण्यात पडून गेला होता, ती तेवढी वाचली होती. तिच्यावर अठ्ठावीसचा आकडा होता. शहजादीच्या लेन्सवर पंचेचाळीस होता. आकडा जितका लहान तितकी लेन्स रुंद, एवढं तिला ठाऊक होतं.

तिचा हात पुढे झाला तसा नानांनी तो अडवला.

"तुझ्या कामाची नाही. हिचे आटे मोठे, तुझ्या कॅमेऱ्याचे लहान."

"माझे मालक लेथवर काम करतात. मधली कडी करून देतील."

"करतील. पण लेन्स आणि फिल्ममधलं अंतर केसभर चुकलं तरी लेन्सवरचे फुटांचे आकडे खोटे पडतील. आणि हिच्या मूळ कॅमेऱ्यात आतून स्पष्ट दिसायचं, बघून फिरवायची सोय होती. तुझ्यात आतून काय दिसतं?"

"काहीच नाही," शहजादी म्हणाली. "मला आजवर कधी दिसलंच नाही, नाना. मी फूट ओळखते. आकडे खोटे पडले तर नवे लिहीन. या कॅमेऱ्याला लेन्स कोणती लावली ते कळतच नाही, म्हणून तर कुठलीही चालेल."

नाना खुर्चीत मागं टेकले.

"मी इथं बसलोय. किती फूट?"

शहजादीनं पाहिलं. "सात." मग जरा थांबून, "नाही. पावणेसात."

नानांनी टेप काढला. एक टोक सुंदरबाईनं शहजादीच्या कपाळाशी धरलं, दुसरं त्यांनी स्वतःच्या. सहा फूट नऊ इंच.

"ती खिडकी?"

"अकरा."

अकरा फूट एक इंच भरलं. सुंदरबाई हसायला लागली. नानांनी लेन्स पुन्हा कापडात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. किंमत त्यांनी दीडशे सांगितली, शहजादीनं शंभर म्हटलं, आणि सुंदरबाईनं मधे पडून एकशेवीसवर तोडलं. तेवढे तिच्याकडे होते. परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत ती पिशवी मांडीवर धरून बसली आणि खिडकीबाहेरचं प्रत्येक झाड किती फुटांवर आहे ते स्वतःशी सांगत राहिली.

तिच्या नवऱ्यानं, हाशमनं, लेन्स पाहिली, कॅमेऱ्याचं तोंड मोजलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पितळेची कडी केली. पुढचे आटे लेन्सचे, मागचे कॅमेऱ्याचे. लेन्स बसली. घट्ट, सरळ, अगदी तिच्यासाठीच केल्यासारखी. दोघंही खूश झाले आणि लगेच हिरमुसले. शहजादीनं कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून फिल्मच्या जागी बटर पेपर ताणून लावला होता आणि शटर उघडं धरलं होतं. कागदावर समोरच्या मशिदीचा मिनार उलटा उतरला, पण लेन्सची कडी कशीही फिरवली तरी तो धूसरच.

"लेन्स खराब आहे," हाशम म्हणाला.

"नाही. जवळची बादली बघा, काठ किती साफ दिसतो. लांबचं तेवढं दिसत नाही. म्हणजे लेन्स जरा पुढं राहते. पितळी कडी जाड झालीय."

"किती जाड?"

"ते मला काय माहीत? थोडं थोडं घासा."

हाशमनं कडी घासली, बसवली, शहजादीनं पाहिलं. पुन्हा घासली. असं चार दिवस चाललं, आणि पाचव्या दिवशी एका बाजूनं जास्त घासली गेल्यामुळे ती कडी वायाच गेली. हाशम त्या दिवशी जेवला नाही. दुसरी कडी त्यानं आधीपासूनच जपून केली. शुक्रवारी नमाजानंतर ती बसवून शहजादीनं कागदावर वाकून पाहिलं आणि हाशमच्या दंडाला धरून त्याला खाली ओढलं.

"बघा. मिनारावरचा कावळा बघा."

कागदावर बोटभर मिनार उलटा उभा होता आणि त्याच्या टोकाला कावळ्याचा काळा ठिपका. ठिपक्याला चोच होती.

मग तिनं अंगणात टेप पसरला. चार फूट, सहा, आठ, दहा. प्रत्येक अंतरावर पाण्याचा हंडा ठेवून लेन्सची कडी कुठं आणली की तो साफ दिसतो ते पाहिलं आणि लेन्सवर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर बारीक अक्षरात स्वतःचे आकडे लिहिले.

लग्नाच्या आठ दिवस आधी ती रहिमाबीकडे गेली. फिल्म घालण्याआधीच स्टँड भिंतीला टेकवून तिनं बटर पेपरवर पाहिलं, आणि समोरच्या भिंतीवर फोटोची हद्द जिथं संपते तिथं दोन्ही बाजूंना खडूच्या खुणा केल्या. दोन खुणांच्या मधे आख्खी खाट मावत होती आणि दोन्हीकडे जागा उरत होती.

"एवढी जागा आपली," ती म्हणाली. "आता बसा."

दुपारच्या उन्हाला दारात पांढरी चादर धरून तिनं उजेड आत वळवला. सासूला तीन उशा लावून बसवलं, लेकी खाटेवर, नाती खाली, सुना मागं उभ्या. नवरी आजीच्या उजव्या हाताशी. शहजादीनं सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मागच्या सुनांकडे, आणि कडी आठ फुटांवर आणली.

"श्वास धरा. डोळे मिटू नका."

तिनं सहा वेळा बटण दाबलं.

रोल धुऊन आला तेव्हा ती आग्रा रोडवरच्या दुकानाच्या पायरीवरच पाकीट फोडून बसली. दुकानदारही काउंटरवरून वाकला. अकराच्या अकरा जणी होत्या. खडूच्या खुणाही होत्या, अगदी कडेला, आणि मागच्या सुनेच्या कानातल्या बाळ्या मोजून घ्याव्यात इतक्या साफ.

"हे त्या जुन्या कॅमेऱ्यातून?" दुकानदारानं विचारलं. "लेन्स कुठली?"

"जळगावची," शहजादी म्हणाली आणि फोटो घेऊन चालू लागली.

रहिमाबीनं फोटो हातात घेतला आणि तो सासूच्या डोळ्यांपुढे धरला. म्हातारीची जीभ जड होती, तरी तिनं एकेकीवर बोट ठेवत सगळ्यांची नावं घेतली, एकही न चुकता.

"याच्या सहा प्रती काढ," रहिमाबी म्हणाली. "नाही, दहा."

त्या उन्हाळ्यात शहजादीला सवड म्हणून मिळाली नाही. आधी धुळ्यातली घरं झाली, मग सोनगीर, मग असोद्याच्या एका शेतकरी घरात डोहाळजेवण. मे महिन्यात नरडाण्याला गेली, तर तिथं एका खोलीत सतरा जणी वाट बघत बसल्या होत्या. यजमानीण बाई संकोचून म्हणाल्या, "खोली लहानच आहे हो, दोन-तीनदा काढला तरी चालेल."

शहजादीनं दाराकडे पाहिलं, मागच्या भिंतीकडे पाहिलं.

"कशाला?" ती म्हणाली. "बसा सगळ्या."