देवकीने टाकलेले बी

सकाळची पेज देवकीने नेहमीसारखी मागच्या दाराशी बसून संपवली. नवरा गेल्यापासून तिची जागा तीच. गोवा राज्य झाल्याच्या पुढच्या वर्षी तिला शेतही बंद झाले.

पेडण्याकडच्या त्या गावात विधवेने पहिले बी टाकायचे नसते. भातकापणीनंतर सासू सुलोचना तापाने पडली, पेरणी लांबू लागली, म्हणून अळसांद्याचे, म्हणजे चवळीचे, बी देवकीने टाकले. रोपे दोन पानांची झाली आणि कडांनी पिवळी पडून करपली.

“तुजो पाय लागलो आणि शेत जळला!” सुलोचना वाड्यावरची सगळी घरे ऐकतील अशी ओरडली. शेजारच्या मालतीने तिला आपल्या मळ्यात बोलावणे सोडले. आता आठवडाभरात तिला भावाकडे डिचोलीला धाडायचे ठरले होते. देवकीला रडूही येईना. हात भांडी घासत होते, एवढेच.

रोपे करपली तेव्हा शेती खात्याचा कृष्णनाथ नमुने घेऊन गेला होता. नऊ ठिकाणी वीतभर खणून, माती कालवून, चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा कालवायचे. भाकरी थापतोस काय, म्हणून गावाने त्याची थट्टा केली होती. आज तो प्रयोगशाळेचा कागद घेऊन अंगणात उभा राहिला.

“किलोभर मातीत पाव मिलिग्रॅम तणनाशक गावला. उसात मारतत तां. अळसांद्याक येवढा पुरे. बांधापलीकडच्या मातीत कायच नाय.”

दीर सगुण खाली बघू लागला. बेणणीला, तण काढायला, बायका लावायला नकोत म्हणून उसाचे उरलेले औषध त्यानेच पेरणीआधी मारले होते. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरी दोन महिने हा गडी मूग गिळून बसला आणि वहिनीच्या हातची पेज जेवला. लाजच नव्हती मेल्याला!

सुलोचनाने कागद घेऊन सुनेला आत ओढले. “तुजा नांव गेलाच मगे. सगुणाक सोयरीक येवची आसा. ह्यो कागद चुलीत घाल.”

देवकीने कागद घेतला. चुलीकडे पाहिले. ती तशीच अंगणात आली. खात्याचा माणूस आला म्हणून वाडा जमलाच होता.

“कृष्णनाथबाब, परत वाचा. मोठ्यान.”

त्याने वाचले. कोणी खोकले, कोणी सगुणकडे पाहिले; उसाला औषध मारणारा तोच, हे वाड्याला ठाऊक होते.

“आसतला बाय,” मालती म्हणाली. “तरी पयला बी सवाष्णीनच घालूचा. रीत ती.”

“माझ्या घोवाच्या वाट्यात मीच बी घालतलंय,” देवकी म्हणाली. “मी डिचोलीक जावचंय नाय.”

आवाज चढला नाही. जिंकल्याचा आनंदही झाला नाही. मालती पदर सावरून घरी निघाली आणि तिच्यामागून एकेक करून सगळे गेले.

त्या अंगणात आपण असतो, तर किती जण थांबलो असतो?