पत्र्यातली सवत

"हात पुढं केला! कुंकू घ्यायला हात पुढं केला की गं बाई!"

शिवबाई स्वयंपाकघरातून एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की जिन्यात ताटकळलेली माणसं एकमेकांना ढकलत आत घुसली. डिसेंबरची सकाळ, जुळे सोलापुरातली नवी इमारत, आणि एका फ्लॅटमध्ये सगळी गल्ली! मी बुद्धप्रिया, घरं तपासणारी इंजिनिअर. भिंतीत ओल कुठं मुरलीय ते थर्मल कॅमेऱ्यानं शोधून देणं हा माझा धंदा. शिवबाईंच्या मुलानं, कुमारनं, न्हाणीघराची भिंत बघायला बोलावलं होतं. आत जाते तर माझ्यासारखाच कॅमेरा हातात घेऊन एक फेटेवाले महाराज कोपऱ्यात उभे.

"नोडी माय, नोडी! बघा, बघा! आत्मा म्हंजे उष्णता. डोळ्याला दिसत न्हाय, यंत्राला दिसतंय. शास्त्रच हाय हे!"

शास्त्र म्हणे! पण त्या कॅमेऱ्याला जोडून ओट्यावर ठेवलेल्या टॅबवर खरंच एक लाल-पिवळी बाई दिसत होती. गॅसमागच्या भिंतीला स्टीलचा पत्रा होता, त्यात ती उभी होती. पत्रा असा मंद, खरखरीत, की नुसत्या डोळ्यानं त्यात तोंडही दिसू नये. ही म्हणे साक्षी, कुमारची पहिली बायको, डेंग्यूनं गेलेली. सवाष्ण गेली म्हणून सासूबाई तिला हळदीकुंकू देत होत्या. यांनी हात पुढं केला की तीही करायची, यांनी नमस्कार केला की तीही. बायकांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"तिला चुलीपाशी दुसरी बाई नको," महाराजांनी निकाल दिला. "धाकटीला माहेरी धाडा, कायमची. न्हायतर ह्या घरात अजून एक मयत."

धाकटी म्हणजे वैजयंती, कुमारची दुसरी बायको. गळ्यात सवतीच्या नावाचा चांदीचा टाक घालून बिचारी दाराशी उभी होती. तिला न्यायला ये म्हणून मैंदर्गीला भावाला फोनसुद्धा गेला होता. आणि कुमार? नखं कुरतडत होता. असा संताप आला मला!

"शिवबाई," मी म्हटलं, "पुन्हा एकदा कुंकू द्या बघू."

शिवबाईंनी उजवा हात पुढं केला. पत्र्यातल्या बाईनंही केला.

"आता नीट बघा. तिचा कुठला हात पुढं आलाय?"

शिवबाई टॅबवर वाकल्या. "डावा."

"तुमची साक्षी डाव्या हातानं कुंकू घ्यायची?"

"छ्या! लई वळणाची पोर होती ती."

महाराज काय ऐकतात! "परलोकात सगळं उलटं असतंय, माय!"

आणि गर्दीनं माना डोलावल्या, काय बोलायचं! तेवढ्यात वैजयंतीनं मांडणीवरची परात उचलली. "ही माझ्या आईनं दिलेली. साक्षीताईंनी कदी बघितलीबी न्हाय. हिच्यात दिसतीय का ती?" असं म्हणून तिनं परात महाराजांच्या समोर धरली.

टॅबवर लाल माणूस आला. दाढी, डोक्यावर फेटा.

"महाराज, साक्षीनं फेटा कवा बांधला?" मागून कुणीतरी विचारलं.

"हे... हे माझे गुरू!"

मी पत्र्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. साक्षी गेली. परातीवर दुसरं चिकटवलं, गुरूही गेले. उरली रद्दी.

मग मी सगळ्यांना सांगितलं. हा कॅमेरा उजेड पाहत नाही, उष्णता पाहतो. आपल्या प्रत्येकाच्या अंगातून ती बाहेर पडते. पत्र्याच्या बारीक ओरखड्यांवर उजेड विखुरतो, म्हणून आपल्याला तोंड दिसत नाही. उष्णतेच्या लहरी खूप लांब असतात, त्या ओरखड्यांना जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी तो पत्रा चक्क आरसा! महाराज एका कोपऱ्यात, शिवबाईंना उभं केलं दुसऱ्या कोपऱ्यात. म्हणजे तिरक्या कॅमेऱ्याला पत्र्यात महाराज नाही, शिवबाईच दिसणार. शिवबाई शिवबाईंनाच कुंकू देत होत्या.

लोक खो खो हसले. महाराज "मुहूर्त बिघडला" म्हणत कॅमेरा पिशवीत कोंबून जिना उतरले.

शिवबाईंनी वैजयंतीचा हात धरला. "चुकलं गं माजं. ऱ्हा तू."

"ऱ्हाते, आत्या," वैजयंती म्हणाली. "पण ह्या बाई आज आल्याच नसत्या तर?"

कुमार पुन्हा नखं कुरतडू लागला.

म्हणून ठणकावून सांगते. हातात यंत्र आलं की कुणी शास्त्रज्ञ होत नाही. उद्या कुणी पडद्यावर काही दाखवून घरातल्या माणसाला हाकला म्हणाला, तर पत्रा झाका, बाजूला व्हा, पुन्हा बघा, चार प्रश्न विचारा. एवढ्याला इंजिनिअर लागत नाही. आणि इतकं करूनही उत्तर सापडलं नाही, तर सापडेपर्यंत शोधा. तोवर बाई घरातच राहील.