डाव्या कानामागचा उतार

"डोक्यावर हात ठेवला का मानूस आपल्या हवाली होते, तानबा. हाताखाली जे दिसलं ते पोटात ठेवाचं. म्हाल्याची कातर चालली पाह्यजे, तोंड नाई."

बाप जाऊन वीस वर्षं झाली होती. पण देवळीच्या बसस्टँडमागच्या दुकानात केस कापायची मशीन हाती घेतली, की तानबाला तो आवाज ऐकू यायचा. दिवाळीनंतरच्या त्या रविवारी माधवच्या डाव्या कानामागं बोटं अडली, तेव्हाही आला.

तुरीच्या दाण्याएवढी गाठ. दाबली तर हलत नव्हती.

"काऊन थांबला, तानबाभाऊ?"

"इथं काय झालं तुले?"

माधवनं आरशातून मागं पाहिलं. बाकावर त्याचे वडील, प्रभाकरराव गुरुजी, पेपर वाचत बसले होते. माधवनं हळूच ओठांवर बोट ठेवलं.

पाच वर्षांपूर्वी, म्हणजे चौऱ्याहत्तरात, गावातली सारी पोरं कान झाकून केस वाढवत होती. तेव्हा माधव पुलगावच्या स्टेशनवर कुण्या जवानाची मान पाहून आला. खुर्चीत बसत म्हणाला, "खाली कातडी दिसली पाह्यजे, वर कायंभोर. अन् मधात कुठी रेघ नाई दिसली पाह्यजे."

"म्हंजे सांज होते तशी?" तानबानं विचारलं.

"हौ. तशीच."

तानबाला ते जमायला तीन रविवार लागले. खाली मशीन, वर कंगव्यावरून कातर, आणि दोहोंच्या मधे नुसता श्वास धरून चालायचं. शेवटी जमलं. काळोख उतरत उतरत उजेडाला मिळावा, तसा तो उतार मानेवर उतरला. पण हे रूप मोठं नाजूक. पंधरा दिवसांत बुजायचं. म्हणून दर दुसऱ्या रविवारी माधव यायचा. जिनिंगमधल्या कारकुनाला कसला आला जवानाचा थाट, म्हणून दोस्त त्याला 'सुभेदार' म्हणून चिडवायचे. तो हसायचा.

सोबत गुरुजी यायचेच. कटिंग झाली की उठून पोराच्या मागं उभे राहायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि वही तपासावी तशी मान तपासायचे. "पास," म्हणायचे. पोराचं कौतुक त्यांनी तेवढंच केलं. तेही पाठीमागून.

त्या रविवारी गुरुजी पान घ्यायला बाहेर गेले, तसा माधव घाईनं बोलला. "बहिनीचं, पद्माचं लगन वैशाखात आहे. बाबाले समजलं तर सारं थांबवून मले नागपूरले नेतीन. अन् सोयऱ्याच्या कानी गेलं, तर ते लोक पाय मागं घेतीन. लगन झालं का मी दवाखान्यात जातो. तवरिक झाकून टाक."

"मानेवरचं कसं झाकू गड्या?"

"तूच झाकशीन. कारागीर आहे ना तू?"

तानबानं त्या दिवशी डाव्या कानामागचा उतार दोन बोटं खाली ठेवला.

गुरुजी आले, मागं उभे राहिले. पास म्हणाले नाहीत. "तानबा, डाव्या बाजूनं काऊन राह्यलं? हात थकला का तुया?"

"हौ गुरुजी," तानबा म्हणाला. "थकला."

मग प्रत्येक खेपेला तेच. गाठ हरभऱ्याएवढी झाली, बोराएवढी झाली, आणि तानबा केस वाढवत गेला. गुरुजींचे टोमणेही वाढले. "अरे, आता चष्मा लाव बाप्पा! माया पोराले उंदरानं कुरतडल्यावानी करून राह्यला तू." सारं दुकान हसायचं. माधव तेवढा आरशातून तानबाकडे पाहायचा, हसायचा नाही.

पद्माच्या लग्नात माधवच्या आईनं, लीलाबाईंनी, पोराला ओवाळलं आणि काजळाचं बोट डाव्या कानामागं लावायला उचललं. माधवनं मान फिरवून ते हसत हसत गालावर घेतलं. दूर उभा तानबा ते पाहत होता. माधवचं जावळ त्यानंच काढलं होतं. त्या दिवशी याच माउलीनं त्या मऊ डोक्याला, त्याच जागी, तीट लावली होती आणि गायलं होतं:

*पुढून आली दीठ, आई आडवी झाली*
*मागून आली दीठ, बाळाला कोण वाली?*

लग्नानंतर आठव्या दिवशी माधव नागपूरला गेला. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी यायला हवं होतं. पोळ्याआधी तो गेला.

भाऊ नव्हता, म्हणून दहाव्याला यशोदा नदीच्या काठी बापच पोराच्या क्रियेला बसला. तानबानं पाण्यानं त्यांचं डोकं भिजवलं. पांढरे केस बोटांना चिकटले. गुरुजींची मानही तशीच निमुळती होती, हे त्याला आजच दिसलं.

"तानबा," गुरुजी खाली पाहतच बोलले, "लोक म्हणते, आजार कोनाले चुकते. पण मी दर पंधरा दिवसांनी त्याच्या मागं उभा राह्यत होतो रे. चष्मा वर करून पाह्यत होतो. पोरायच्या वहीतली काना-मात्रा दिसे मले. अन् माया पोराच्या मानेवरची गाठ नाई दिसली. कसा बाप मी?"

तानबाचा वस्तरा थांबला. बापाचा आवाज आला, पोटात ठेव. नदी वाहत होती. पलीकडच्या काठावर कुणीतरी बैल धूत होतं. गुरुजींची मान वाट पाहत वाकलेली होती.

तानबानं वस्तरा मिटला आणि बाजूच्या दगडावर ठेवला.

"गुरुजी, माया हात थकला नोता," तो म्हणाला. "तुमाले दिसू नोये म्हनून मी केस ठेवत होतो."