पाठीतली सुई

दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या फुफ्फुसातली गाठ काढली. जखम भरली, पण टॅक्सी चालवताना सीटबेल्ट त्या वणावर टेकला की आजही जीव कासावीस व्हायचा. मऊ सदरासुद्धा टोचायचा. "टाके सुकले, आता कसलं दुखणं?" असं घरचे म्हणायचे, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या ऑपरेशनच्या वेळी भुलीच्या डॉक्टरांनी पाठीत बारीक नळी घालू म्हटलं होतं. सासूबाईंनी डोळे वटारले. पाठीत सुई म्हणजे जन्माची कंबर गेली, हे त्यांचं ठाम मत. ही मूग गिळून बसली आणि नुसती झोपेची भूल घेतली.

आता डाव्या बाजूला गाठ निघाली होती.

भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं. "झोपेच्या भुलीत तुम्हाला काही कळत नाही, पण छातीच्या नसा बोंब मारतच असतात. पाठीतल्या नळीतून औषध दिलं की त्या बऱ्याचशा गप्प राहतात. पुढे दुखणारच नाही, असा शब्द मी देणार नाही. पण शक्यता कमी होते."

"मग घाला नळी," ती म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरशेजारच्या खोलीत ती थांबली होती, तिथे मोठे सर्जन घाईत आले. "नळीचं काय काढलंत? उगाच वेळ जातो. झोपेत तुम्हाला काय कळणार आहे?"

"झोपेत नाही कळत, डॉक्टर. जागेपणी कळतं. दोन वर्षं कळतंय." ती स्ट्रेचरवर ताठ बसून राहिली. "नळीशिवाय मी आडवी होणार नाही. हवं तर उद्याची तारीख द्या."

सर्जनांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे हातमोजे चढवत होत्या.

"करा लवकर," असं पुटपुटत ते निघून गेले.

राहिल्या दाराशी उभ्या असलेल्या सासूबाई. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ऐक गं माझं. कंबर धरली तर मला सांगायला येऊ नकोस."

"येणार. रोज येऊन सांगणार, आणि तुम्ही ऐकायचं," ती म्हणाली. "मागचं दुखणं तुम्ही ठरवलंत, आई, आणि सोसलं मी. या वेळी जे काही होईल ते माझं मी ठरवलेलं असेल."

नर्सने सासूबाईंना बाहेर नेलं.

तिने उशी पोटाशी घट्ट धरली आणि पाठ वाकवली.

"घाला," ती म्हणाली.