तीन फुंका

माझी आचल सात वर्षांची. थंडी सुरू झाली की खेळता खेळता मटकन खाली बसते, छातीतून शिट्टी वाजते. सासूबाई म्हणतात, शाळा बुडवायचे नखरे आहेत. "रिपोर्टात निघालं तरच दम्याचा पंप आणू," असं तिच्या बाबांनी सांगितलं. म्हणून पिपरी मेघेहून ऑटोनं तिला श्वासाच्या तपासणीला नेलं.

तपासणी करणाऱ्या धनंजयनं तिच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. समोरच्या पडद्यावर मेणबत्त्या पेटल्या.

"दम भरून घे अन् एका फुंकेत साऱ्या विझव. तीनदा. नाई तर मशीन मानत नाई."

आचलनं नळी तोंडातून काढली. चार वेळा तेच.

"पाच वर्साचे पोट्टे फुकून राह्यले, तुले काऊन जमत नाई? लय लाडाची दिसतं." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, 'सहकार्य नाही' लिहून टाकतो. बाहेर लाइन हाये."

मी वाकले. ती कानात म्हणाली, "दिवा फुकला का मानूस मरते. मी फुकला म्हनून आबाजी मेले. आजीनं सांगतलं."

आमच्याकडे दिवा तोंडानं विझवत नाहीत, फुलानं शांत करतात. मागच्या दिवाळीत तिनं देवघरातला फुंकला, अन् वर्षभर अंथरुणावर असलेले सासरे चार दिवसांनी गेले. सासूबाईंनी लेकराला काय सांगून ठेवलं, ते मला आज कळत होतं.

"ह्या खोट्या मेणबत्त्या हायेत, बेटा."

"मंग इझतात काऊन?"

धनंजयनं पेन उचलला.

"आता कोन मरन?" तिनं विचारलं.

मला फक्त तो रिपोर्ट दिसत होता. "आजी," मी म्हणाले. "फुक."

तिनं फुंकलं. साऱ्या विझल्या.

"हे असं पाह्यजे. अजून दोन."

"आता?"

"बाबा." माझा आवाज कापलासुद्धा नाही.

तिचे डोळे भरले, पण फुंक पहिलीसारखीच आली.

मेणबत्त्या पुन्हा पेटल्या. घरात आता आम्ही दोघीच उरलो होतो. मी स्वतःचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर तिनं इवल्याशा तळव्यानं माझे ओठ दाबले.

"तू नाई. मी."

अन् छाती भरून घेऊन ती फुंकत राहिली, चेहरा लाल होईपर्यंत. तिसरी सगळ्यांत लांब आली.

"पाहा, किती मस्त फुकते," धनंजय म्हणाला. "उगाच टाइम खाल्ला." त्यानं 'सहकार्य उत्तम' लिहिलं.

आचल नाकावरचा चिमटा काढू देईना. डोळे घट्ट मिटून ती वाट पाहत होती.